वाढवलेला दिवा

कांचघर मोहल्ल्याच्या चढावर समोरची ट्रॉली एकदम थांबली म्हणून कुंदाने ब्रेक दाबला, आणि स्पीडच्या काट्याच्या डावीकडे एक छोटासा पिवळा पाना उजळला. नट पिळायचा पाना असतो ना, त्याचं चित्र. तिने आधी काणाडोळा केला. गाडी ती पन्नाशी उलटल्यावर शिकली होती, आणि समोर दिवा-बिवा जे जे काही लागतं आणि जातं ते सगळं आपल्याविरुद्ध तक्रार करतंय असं तिला अजूनही वाटे. शेजारी चिंतामणी बसला होता. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, मांडीवर थैली, आणि तोंडाने अखंड ड्रायव्हिंग. "क्लच. गिअर. हॉर्न कशाला? डावीकडून स्कूटर." महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं डोळ्यांच्या डॉक्टरने बजावलं होतं. स्वतः चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला दुसऱ्या डॉक्टरचं ऐकावं लागणं म्हणजे जिवावरचं दुखणं, पण ऐकत होता. एरवी ही गाडी कुंदाच्या हाताला लागत नसे. रोज सकाळी तो ती जुन्या बनियनने पुसायचा, अगदी दाराच्या फटीत बोट घालून, आणि पुसताना गुणगुणायचासुद्धा.

"एक दिवा लागलाय," कुंदा म्हणाली. "पिवळा. पान्यासारखा."

तो ताठ बसला. "ऑइल बदलायची आठवण आहे ती. आजच ने श्यामसुंदरकडे."

"आज काहून? उद्या नेते ना. आज भाजी राहिली आहे सगळी."

"काहून नाही, का," तो सवयीने म्हणाला. बत्तीस वर्षं तो ही दुरुस्ती करत आला होता. "आणि उद्या नाही. दिवा लागला म्हणजे गाडी काहीतरी सांगते आहे, कुंदा. सांगणाऱ्याचं ऐकावं. दिसायला सगळं ठीक दिसतं, चालतंही, पण उद्या-परवा करत बसलं की आतल्या आत खलास होतं. कळतं तेव्हा वेळ गेलेली असते."

ट्रॉली हलली. कुंदा हलली नाही. मागच्या ऑटोवाल्याने तिच्या सात पिढ्या उद्धारल्या, चिंतामणीने "अगं क्लच, क्लच" केलं, तरी तिचे पाय होते तिथेच राहिले. सांगणाऱ्याचं ऐकावं. हे वाक्य ह्या माणसाच्या तोंडून, ह्याच कांचघरात, जिथून शकु दर रविवारी पायी पायी त्यांच्या घरी यायची. तिला हसू आलं, खरंच आलं, आणि मग त्या हसण्यामागून राग वर आला. तेरा वर्षं तिने तो खाली दाबून ठेवला होता. गाडी एकदाची पुढे गेली. "बघ, जमलं," तो म्हणाला.

शकु तिची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, करायचंच नव्हतं तिला, कांचघरात एक खोली घेऊन राहायची आणि जवळच्या शाळेत पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवायची. वडील भाऊराव जवळच्याच पाटण गावात धान्याच्या व्यापारात होते. ते गेले, आई गेली, मग दोघी बहिणींना एकमेकींशिवाय कोणी राहिलं नाही. रविवारी यायची, ओट्यावर बसायची, पाय हलवत पोह्यांची वाट बघायची, एक्केचाळिसाव्या वर्षीसुद्धा. एका रविवारी आली आणि पोहे नको म्हणाली. "सकाळी उठलं का डोकं धरते ताई, मग एक उलटी होते, मग मोकळं वाटते. काहून होऊन राहिलं असं?" चिंतामणी पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला, शकुच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, आणि म्हणाला, "काही नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल." कपाटातून गोळ्यांची पट्टी काढून कुंदाच्या हातात दिली, आणि कुंदाने एक गोळी फोडून, पेल्यात पाणी ओतून, शकुच्या हातावर ठेवली. अर्ध्या तासाने शकुने पोहे खाल्ले. दोनदा घेतले. सगळ्यांना बरं वाटलं.

असे सात महिने गेले. दर रविवारी. "फळ्यावर दोन दोन क दिसून राहिले ताई," शकु हसत सांगायची, "पोरं म्हणतात बाई एकच लिहा." चिंतामणी हसायचा. शंभर बायकांना डोकेदुखी असते, त्यातल्या नव्याण्णव जणींना काही नसतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं, आणि "काही नाही" हे त्याहून ठरलेलं. ते तो असा म्हणायचा, किंचित खालच्या सुरात, मानेला एक बारीकसा झोल देत, की ऐकणाऱ्याचं अर्धं दुखणं तिथेच पळायचं. रिछाईच्या कारखान्यांतले कामगार, पाटणच्या बायाबापड्या, त्या दोन शब्दांसाठी त्याच्याकडे यायच्या. दिवाळीच्या आधी शकु वर्गातच कोसळली. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरने डोक्याचा फोटो उजेडावर धरला, गाठीवर बोट ठेवलं आणि कोणाकडे न बघता विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" चिंतामणी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. शकु एकवीस दिवसांनी गेली. दहाव्याला, नदीवरून येताना, तो एवढंच म्हणाला, "तिचं आयुष्यच तेवढं." त्यानंतर त्या घरात शकुचं नाव त्याने काढलं नाही. चुकलो, हा एक शब्द. त्याच्यासाठी कुंदा तेरा वर्षं कान देऊन बसली होती. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, तो झोपेत बरळतो तेव्हासुद्धा. तो शब्द आला असता तर तिलाही तिचा अर्धा वाटा बोलता आला असता, कारण गोळी त्याने दिली असली तरी पाणी तिने दिलं होतं. तो आला नाही, त्यामुळे सगळंच्या सगळं तिच्याकडे राहिलं. शेवटच्या पट्टीतल्या चार गोळ्या उरल्या होत्या. ती पट्टी तिने शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवली होती. आणि आज ह्याला गाडीचं ऐकू येतं!

घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे काही ठराव पास झाला नाही, फक्त भाजीची पिशवी ओट्यावर ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला काय करायचंय ते आपल्याला ठाऊक आहे. दिवा घालवायचा. तेल तेच ठेवायचं. तो समोर बघेल, समोर काही नसेल, तो निर्धास्त असेल. डोळा बरा झाला की दर गुरुवारी पाटणच्या दवाखान्यात जाईल, एरवी रिछाईच्या, आणि बोनेटच्या खाली ते काळं जळकं तेल आपलं काम करत राहील. मग एका गुरुवारी, पाटणच्या रस्त्यावर, कुठेतरी मध्येच, ती गाडी बसेल. आतून जाम. तो उतरेल, बोनेट उघडेल, आणि त्याला काही कळणार नाही. मिस्त्री येईल आणि विचारेल, इतके दिवस काय करत होता? त्याचा जीव जावा असं तिला वाटत नव्हतं. त्याला फक्त असं रस्त्याच्या कडेला उभं राहिलेलं तिला बघायचं होतं. तिने त्या संध्याकाळी त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली, दाण्याचं कूट घालून. "आज काय विशेष?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो जेवून आडवा झाल्यावर ती मोबाइल घेऊन गाडीत जाऊन बसली. मोबाइलवर सगळं मिळतं, सूड घ्यायचीसुद्धा शिकवणी मिळते. एक गुबगुबीत गालांचा माणूस हसत हसत सांगत होता: दरवाजे बंद करा, किल्ली फिरवा पण इंजन स्टार्ट नहीं करना है, मीटरच्या काचेखालचं बटण दाबून धरा, दहा सेकंद, पाना लुकलुकेल, घाबरायचं नाही, बटण सोडायचं नाही, तो आपोआप जाईल. आणि शेवटी बोट नाचवून तो म्हणाला, "लेकिन दोस्तों, लाइट जाने से तेल नया नहीं हो जाता." कुंदाने हे वाक्य तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग किल्ली फिरवली. बटण दाबलं. पाना लुकलुकायला लागला, एक, दोन, तीन, आणि त्या लुकलुकण्यात काहीतरी असं होतं, डोळ्याची पापणी फडफडावी तसं, की तिचं बोट सातव्या सेकंदाला निसटलं. पुन्हा केलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तळहाताला असा घाम सुटला होता की बटण बोटाखाली सापडेना. पाना शांतपणे जळत राहिला. घरात पंख्याचा आवाज येत होता आणि त्याच्या घोरण्याचा. तिला स्वतःचा संताप आला. त्याचे हात सात महिने एकदाही थरथरले नव्हते.

म्हणून श्यामसुंदर. कांचघरच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं, म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि गाडीखाली झोपायची एक फळ्यांची ढकलगाडी. साठीचा माणूस, कपाळावर कायम कुंकवाची रेघ, चिंतामणीचा जुना पेशंट. त्याच्या गुडघ्यांनासुद्धा चिंतामणीने "काही नाही" म्हटलेलं होतं, पण त्यांना खरंच काही नव्हतं. "आइए दीदी, डॉक्टर साहब नहीं आए?" कुंदाने रस्ताभर वाक्य घोकलं होतं. तेल राहू द्या, फक्त दिवा घालवा. पण त्याच्यापुढे उभी राहिल्यावर पहिला अर्धा भाग तोंडातून बाहेर पडायला तयार होईना. डॉक्टरच्या बायकोने असं सांगितलं हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या कांचघरात झालं असतं. आणि दुसरा अर्धा, तो तर आणखीच अडला. बुझा दो, म्हणायचं होतं. पाटणच्या घरात दिवेलागणीनंतर असला शब्द उच्चारायची सोय नव्हती. एकदा लहानपणी कुंदा "दिवा विझव" म्हणाली तर आईने तोंडावर चापट मारली होती. "विझते ते चुलीतलं लाकूड. दिवा वाढव म्हणावं पोरी." बांगडी वाढते, नारळ वाढतो, दिवा वाढतो. घरात काही फुटत नाही, संपत नाही, सगळं नुसतं वाढतच असतं. ही चापट पन्नास वर्षांनी श्यामसुंदरच्या शेडमध्ये कुंदाच्या गालावर उमटली, आणि ती समोरच्या पान्याकडे बोट दाखवून म्हणाली, "भैया, बस ये बत्ती बढ़ा दीजिए."

श्यामसुंदरने वाकून आत बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. "बढ़ा दें?"

"हां. बस इतना ही. साहेबांना काही सांगायचं नाही... मतलब, उनको बताने की जरूरत नहीं."

"समझ गए दीदी," तो म्हणाला. "आप जाइए, चाय पीजिए. घंटे भर में हो जाएगा."

समजलं त्याला. तो इतक्या सहज समजला ह्याचंच तिला भय वाटलं. जगात सगळे लोक असलं काही करत असतात की काय, आणि श्यामसुंदर रोज चार दिवे वाढवतो की काय? ती समोरच्या रसवंतीच्या बाकावर पाठ करून बसली. तासाभराने किल्ली घेतली. त्याने जे मागितलं ते तिने हातात कोंबलं. दिवा घालवायला एवढं लागतं का हे तिला ठाऊक नव्हतं, आणि पाप स्वस्तात पडावं अशी तिची अपेक्षाही नव्हती. किल्ली फिरवली. समोर सगळे दिवे लागले आणि एकेक करून गेले. पाना गेला तो गेलाच.

त्यानंतरचे चार महिने कुंदाच्या आयुष्यातले बरे महिने होते, हे कबूल करायला हवं. तिला झोप लागायला लागली. शकु गेल्यापासून ती पहाटे साडेतीनला जागी व्हायची, ते थांबलं. मशीनवरची खोळ काढून तिने पडदे शिवले. चिंतामणीचा काळा चष्मा गेला, त्याने पुन्हा स्टिअरिंग हातात घेतलं, आणि पहिल्याच गुरुवारी ती फाटकापर्यंत त्याला पोचवायला गेली. असं ती कधी करत नसे. "दिवा-बिवा काही लागला नाही ना?" तिने खिडकीतून विचारलं. तो खूश झाला. बायकोला गाडीत रस वाटायला लागला म्हणून खूश! "छे, एकदम क्लीन," तो म्हणाला. तो गेला की ती पाटणच्या रस्त्यावर मनातल्या मनात त्याच्या मागोमाग जायची. आता नाका मागे पडला असेल. आता शेतं लागली. आता इथे, ह्या वळणावर. फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. फोन गॅसवाल्याचा असायचा. संध्याकाळी फाटकाची कडी वाजायची आणि गाडी, तीच, धडधाकट, गुरगुरत आत यायची. तिला निराशा वाटायची नाही. आत चाललंय, हे तिला ठाऊक होतं. शकुचंही सात महिने आतच चाललं होतं, आणि शकु पोहे खात होती, पोरांना अक्षरं शिकवत होती, पाय हलवत होती. घाई कसली? कधीकधी तो बनियनने बोनेट पुसताना ती खिडकीतून बघत उभी राहायची आणि तिला त्याची इतकी कीव यायची की त्या दिवशी ती चहात आलं जास्त टाकायची. तो तिच्याकडे बघून म्हणायचा, "हल्ली तू बरी दिसतेस." ती खरंच बरी दिसत होती. शेजारच्या विनताबाईंनीसुद्धा विचारलं, कोणतं टॉनिक घेऊन राहिल्या?

मग जानेवारीतल्या एका रविवारी त्याने तिला बाहेरून हाक मारली. उन्हात गाडीचं बोनेट उघडं होतं. त्याच्या हातात एक लांब सळई होती, टोकाला आकडा असलेली, आणि तो ती उन्हाकडे धरून बघत होता. "ये, तुला दाखवतो," तो म्हणाला. "ही तेल बघायची सळई. बघ रंग." सळईच्या टोकावर तेलाचा एक थेंब होता, पिवळसर, स्वच्छ, मधासारखा. "अडीच हजार किलोमीटर झाले ह्याच्यावर. अजून कसं आहे बघ. श्यामसुंदरने चांगलं टाकलंय, आणि वेळेवर टाकलंय." मग तो थोडा थांबला, कारण पुढचं बोलायची त्याला सवय नव्हती. "मी ऑपरेशनमुळे घरी बसलेलो, मला वाटलं होतं तू विसरशील. आजउद्या करशील. पण तू दुसऱ्याच दिवशी नेलीस. तुझ्यावर सोडलं ते बरं झालं." आणि त्याने तेलकट हाताने, मनगटाच्या मागच्या बाजूने, तिच्या खांद्यावर थोपटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाने तिला शाबासकी दिली होती, आणि ती अशी दिली होती.

ती आत गेली, किल्ली घेतली, बोनेट त्याच्या हातून खाली पाडलं आणि गाडी काढली. "अगं, कुठे?" तिने ऐकलं नाही. ती पायात घरातल्या स्लिपा घालूनच निघाली होती, आणि रस्त्यात तिने एकदाही हॉर्न वाजवला नाही. रविवार होता तरी श्यामसुंदर शेडमध्ये होता, विडी ओढत. "मैंने तेल बदलने को कब बोला था?" ती दारातूनच ओरडली. "मैंने बोला था बस बत्ती!"

त्याने विडी टाकली. तो बावरला. "दीदी, आपने कहा था बत्ती बढ़ा दो. तो हमने बढ़ा दी. दस हजार किलोमीटर आगे बढ़ा दी."

"बढ़ा दो मतलब..." ती थांबली. "मतलब बंद कर दो. बस बंद."

"अच्छा," श्यामसुंदर म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "जैसे अम्मा लोग दीया बढ़ाती हैं! हम समझे तारीख जैसा, आगे बढ़ाना. अब दीदी, बिना तेल बदले आगे कैसे बढ़ाएं? आपने कहा साहब को मत बताना, हम समझे आप उनको खुश करना चाहती हैं." मग, तिच्या चेहऱ्याकडे बघून, हळूच, "पर सिर्फ बत्ती काहे बुझवाना चाहती थीं आप?"

ह्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते श्यामसुंदरला द्यायचं नव्हतं. ती गाडीत जाऊन बसली. चार महिने. त्या चार महिन्यांतली प्रत्येक गाढ झोप, प्रत्येक पडदा, फाटकापर्यंतची प्रत्येक फेरी, हे सगळं तिने नव्याकोऱ्या तेलावर काढलं होतं. आईने मारलेली एक चापट, आणि त्या चापटीने ह्या माणसाची गाडी वाचवली होती. वर तिला शहाणी बायको करून ठेवलं होतं. तिला आईचा राग आला, श्यामसुंदरचा आला, शब्दाचा आला. घरात काही संपत नाही, सगळं वाढतच असतं! मग तिला वाटलं, बरोबर आहे, आईच्या लेकीला शब्द चोरून बोलायची सवय लागली होती, म्हणून दिवाही चोरूनच घालवायला निघाली होती. तेरा वर्षं तिने स्वतः तरी काय केलं? दर सकाळी आपल्या मनातला दिवा बटण दाबून घालवला आणि चहा ठेवला. आता सरळ बोलायचं. पाटणच्या मराठीत.

चिंतामणी समोरच्या खोलीत बसला होता, हात धुऊन, पेपर घेऊन. ती आधी मशीनकडे गेली, खण ओढला, बॉबिनचा डबा बाजूला केला. पट्टी त्याच्या पेपरवर ठेवली. कागदी बाजू पिवळी पडली होती, पण नाव वाचता येत होतं. तो वाचत राहिला. एवढ्या लहान नावाला लागतो त्याहून फार जास्त वेळ.

"तेल मी नाही बदलायला सांगितलं," कुंदा म्हणाली. "मी फक्त दिवा घालवायला सांगितला होता. तुम्हाला कळू नये, आणि तुमची गाडी आतून मरावी म्हणून. त्याला शब्द समजला नाही, म्हणून वाचली."

"काय बोलतेस तू?"

"गाडीला दिवा लागला तर आजच ने म्हणाले तुम्ही. शकुला सात महिने दिवा लागला होता. काहून नाही नेलं तिला? काहून?"

तिने तो शब्द दोनदा म्हटला आणि थांबली, त्याला जागा करून दिली. तो दुरुस्त करेल म्हणून. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण त्याने दुरुस्त केलं नाही.

"शंभर जणींना डोकेदुखी असते, कुंदा," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "नव्याण्णव जणींना..."

"ती एकच होती माझ्यापाशी."

त्याने चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला होता. त्याने पट्टी उलटी केली, सुलटी केली. कुंदा उभी राहिली. आता, तिला वाटलं. आता येईल. एवढंसं पुढे सरकला तर येईल. तिचे कान अक्षरशः दुखायला लागले. भिंतीवरचं घड्याळ, बाहेर कोणाचा तरी झाडू, शेजारच्या टीव्हीवरचा कोणीतरी हसणारा माणूस, ह्या सगळ्यांतून ती तो एक शब्द शोधत राहिली. "तू असं करायला नको होतंस," चिंतामणी म्हणाला. "गाडी आहे. रस्त्यात काही झालं असतं तर माणूस जातो." मग तो उठून आत गेला. रात्री जेवायला आला नाही.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली. चांगली झोप झाली होती. पट्टी रात्रभर पेपरवर तशीच पडलेली होती. तिने ती उचलून मशीनच्या खणात, डब्याखाली, तिच्या जागी ठेवली. चहा टाकला, आलं ठेचून. त्याच्या चहात साखर नसते, दूध जरासं असतं. तसाच केला, बत्तीस वर्षं केला तसाच, त्यात दुसरं काही नव्हतं. त्याच्या ब्लडप्रेशरची गोळी रोजच्यासारखी वाटीत काढून ठेवली. तो आला, आंघोळ करून, पण बनियन हातात नव्हतं. गाडी पुसली नव्हती. खुर्चीवर बसला आणि पहिल्यांदा टेबलाकडे बघितलं, जिथे रात्री पेपर होता तिथे.

"ती पट्टी?"

"ठेवली जागेवर."

"चार होत्या ना गोळ्या त्यात?"

"चार होत्या."

त्याने वाटीतली गोळी उचलली. उजेडाकडे धरली. पांढऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ती त्याने परत वाटीत ठेवली. मग कपाकडे बघितलं. कपातून वाफ येत होती, आल्याचा वास येत होता. त्याने कपाचा कान धरून तो थोडा फिरवला, तळ दिसतो का बघावं तसा, आणि मग कुंदाकडे बघितलं. ह्या माणसाने तिच्याकडे इतकं नीट कधीच बघितलं नव्हतं, लग्न ठरवायला आला तेव्हासुद्धा नाही. त्याला विचारायचं होतं, आणि विचारता येत नव्हतं. विचारणाऱ्याची काय गत होते ते कुंदाला माहीत होतं. ओट्यावर पाय हलवत बसलेली शकुसुद्धा अशीच वर बघायची, कोणीतरी आपल्याला नीट सांगेल म्हणून.

कुंदाने मानेला एक बारीकसा झोल दिला.

"काही नाही," ती किंचित खालच्या सुरात म्हणाली. "काही नाही त्यात."

मग तिने आपला कप घेतला, त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली, आणि तो कधी पितो ह्याची वाट बघू लागली.